अंगठ्याचा जबाब

डोळा लवला असता तर सोपं होतं.
डावा की उजवा, बाईचा की पुरुषाचा,
त्याचे अर्थ आईने कधीच लावून ठेवलेत.
पण लवत होतं ते अंगठ्याच्या मुळाशी,
तळहाताच्या फुगीर मांसात.
त्याचा शकुन कुणाच्याच आईला ठाऊक नव्हता.

माझगावच्या कोर्टात एकोणीस वर्षं
मी लोकांचं बोलणं लघुलिपीत उतरवते.
पंच, चुलतभाऊ, भाडेकरू, फितूर साक्षीदार,
कुणी कितीही भरभर बोलो, निसटत नाही.
आणि आता कातडीखाली कुणीतरी
टिंब, आडवी रेघ, टिंब,
माझ्याच हातात लिहीत होतं
आणि मला वाचता येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडे उपाय होते.
पाटणकर म्हणाले, चहा कमी करा.
(दिवसाला सात व्हायचे. चारावर आणले.)
प्रिस्का म्हणाली, झोप गं, नुसती झोप.
शिपाई गेनूने केळी आणून दिली, कसल्याशा क्षारासाठी.
खोटं कशाला बोलू, फरक पडला.
रात्री पोटरीत उडायचं, ते थांबलं.
अंगठ्याचं थांबलं नाही.
टेबलावर हात उपडा ठेवायची सवय लागली मला,
पत्त्यांच्या डावात ठेवतात तसा.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी,
घराची किल्ली कुलपात फिरेना.
कुलूप गंजलं म्हणून घोडपदेवहून चावीवाला आणला.
त्याने माझीच किल्ली घेतली, दोन बोटांनी फिरवली,
दार उघडलं,
आणि पैसे न घेता जिना उतरून गेला.

तेव्हा घाबरले. आधी नाही.

डॉक्टर मुकादमांचा दवाखाना डॉकयार्ड रोडला, मेडिकलच्या वर.
इतके दिवस का थांबलात?
दुखत नव्हतं.
दुखणारे आपणहून येतात हो, त्या म्हणाल्या,
न दुखणाऱ्यांचीच वाट बघावी लागते.
माझी दोन बोटं आवळा. अजून. एवढंच?
टाचांवर चाला. जीभ बाहेर काढा.
बोलताना शब्द जड होतात? पाणी पिताना ठसका?
मग माझे दोन्ही तळहात खिडकीच्या उजेडात
शेजारी शेजारी धरले.
उजव्याची उशी जराशी बसली होती.
रोज बघते मी तो हात.

उडणं सगळ्यांचंच होतं, त्या म्हणाल्या,
माझीसुद्धा पापणी परीक्षेत महिनाभर नाचायची.
ते एकटं असेल तर दोन आठवडे बघा, झोपा, चहा सोडा.
पण त्याच्या जोडीला ताकद गेली,
मांस उतरलं, हातातून वस्तू सुटू लागल्या,
तर एक दिवस थांबायचं नाही.
मनगटात नस दाबली असेल. मानेत असेल. वेगळंही असेल.
तपासल्याशिवाय मी कशालाच नाव ठेवत नाही.

महापालिकेच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
माझा नंबर सत्तावीस.
शेजारचा माणूस दोन्ही मांड्या घेऊन आला होता,
तीन महिने उडतायत. काहीच निघालं नाही म्हणाला,
जरा ओशाळून,
जसं काही कुणाला उगाच उठवलं झोपेतून.

आत सुई. सैल सोडा हात.
यंत्रातून आवाज आला,
भट्टीत चणे तडतडावेत तसा. मग शांत. मग पुन्हा.
तो आवाज माझा होता.
पडद्याकडे बघणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.
असले चेहरे मला कळतात;
निकाल वाचेपर्यंत ते तसेच राहतात.

रिपोर्ट गुरुवारी.

बाकावर बसून नंबराच्या चिठ्ठीमागे
मी तो आवाज उतरवून घेतला,
टिंब, रेघ, मध्ये मोठी मोकळी जागा.
पेन्सिल दोनदा सुटली.
एकदा सत्तावीस नंबरच्या पुढच्या बाईने उचलून दिली.
शेवटी सवयीने लिहायला गेले,
जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे,
आणि हात थांबवला.
अजून कुणी वाचला नव्हता.