भोकं

आधी ते मला दिसलंच नाही.
बस वळली आणि वैजू ओरडली, "बाबा, डावीकडं!"
मी उजवीकडं बघत होतो:
एक माणूस गॅस कटरनं रेलिंग कापत होता,
चष्मा न लावता.
तिकडंही न लावताच कापतात म्हणायचं.

मग दिसलं.
चन्नम्मा सर्कलला वळतात तशाच गाड्या वळत होत्या
आणि पलीकडं हे,
एका अंगानं उंच, एका अंगानं खचलेलं,
अर्धी उतरवलेली वीटभट्टी जशी.
खरं कॅलेंडरवर मोठं होतं.
पतसंस्थेचं कॅलेंडर, जूनचं पान, खाली छापलेलं: कोलोसियम, रोम.
जुलै लागला तरी बायकोनं फाडू दिलं नव्हतं.
ती असती तर म्हणाली असती,
आधी बसायला जागा बघा.

रांगेत दीड तास.
दारातल्या शिपायानं पिशवीवर बोट ठेवून काही विचारलं.
माझ्या तोंडातनं आपसूक निघालं,
"एनू इल्ल री, बरे चपाती."
जावई हसून हसून खाली बसला.
हसू दे.
जन्मभर, समोरच्याला मराठी कळेना झालं
की जीभ त्याच वाटेनं वळत आली.
तिसरी वाट तिला कुणी दाखवलीच नाही.
शिपायाला काय कळलं कोण जाणे,
मान हलवली, सोडलं आत.
आरटीओत एवढ्यावर कधी सुटलो नाही.

कानात यंत्र, यंत्रात हिंदी बोलणारी बाई.
राजे, सिंह, पन्नास हजार माणसं बसायची.
मी भिंत बघत होतो.
देवी आलेल्या तोंडासारखी
सगळी भिंत भोकाभोकांची.
"गोळीबार झाला असेल," जावई म्हणाला.
मी बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
गोळीचं भोक असं नसतं.
हे कुणीतरी सावकाश, कड बघून उकरलंय.

मग बाई म्हणाली,
दगडाला दगड धरून ठेवायला आत लोखंडी पकडी होत्या,
तीनशे टन.
पुढं राज्य बुडालं, लोखंड महागलं,
लोकांनी पकडी काढून नेल्या.
तिथं तिचा आवाज जरा पडला.
चोर म्हणाली नाही, पण म्हणायचं तेच होतं.

तीनशे टन.
आमचा क्युपोला दिवसाला आठ टन ओतायचा,
म्हणजे अडतीस दिवस, रविवार सोडून.
त्यांच्या किती पिढ्या गेल्या असतील
शिडीवर, छिन्नी घेऊन?
आणि काय घडवलं त्याचं?
नाल? विळे? कुणाच्या दाराची कडी?
हे यंत्रात नव्हतं.
मी बटण दोनदा दाबलं.

परत आल्यावर तिसऱ्या गेटाजवळ चहाला सगळे जमले,
इसाक, मुचंडी, भरमाण्णा.
"काय बघून आलास, सांग की गा."
"भोकं," म्हटलं.
"एवढे पैसे घालून?"
"होय गा."
हसले सगळे. भरमाण्णा नाही हसला.
बशीतला चहा संपवला, स्कूटर काढली,
म्हणाला, "बस मागं."

उद्यमबागेत आमची शेड उघडीच होती.
पत्रे गेले, क्रेन गेली,
माझं मोल्डिंग मशीन भंगारवाल्यानं किलोवर नेलं.
एकतीस वर्षं जिथं उभा राहिलो
तिथं काँक्रीटमध्ये चार भोकं,
फाउंडेशन बोल्टांची.
एकात पाणी. एकात मुंगळे.
एकात कुणीतरी बिडी विझवलेली.

भरमाण्णा उकिडवा बसला,
चौथ्यात बोट घातलं.
"ह्या शेडमधले बोल्ट मीच सोडवले, रात्रीचे.
मालकानं शेवटचा पगार बुडवला होता.
सगळे मिळून बावीस किलो भरले."
"काय केलंस त्याचं?"
"पोरीची परीक्षेची फी की."

निघताना मी वाकून फोटो काढला,
वैजूला पाठवला.
तिचं लगेच आलं,
"बाबा, हे रोममधलं कुठलं?
मी नाही बघितलं."