बारावा प्रश्न

कुताइसीच्या जुन्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथला हीटर फक्त डावी भिंत तापवतो,
आम्ही तिघी दोन महिने एक यादी उतरवत होतो
फ्रेंचमधून जॉर्जियनमध्ये.
एकवीस कामं, मुलाच्या हातांची.
टूथपेस्टचं टोपण फिरवणं. दप्तराची चेन ओढणं.
पुढे तीन चौकटी:
जमत नाही, कष्टाने जमतं, सहज जमतं.

हातांना भाषा नसते असं मी तेव्हा समजत होते.

उकडलेल्या अंड्याची चमच्याने टोपी उडवणं, हे पहिलं गेलं.
इथे अंडं टेबलावर आपटतात आणि सोलतात.
त्याजागी कुणीतरी सुचवलं, खिंकालीचं देठ चिमटीत धरून
रस न सांडता खाणं.
ते आम्हा तिघींनाही जमेना.

बाराव्यावर अडलो.
मूल शर्टाचं बटण लावतं.
आमचं क्रियापद आधी विचारतं, कुणासाठी?
इक्राव्स: स्वतःचं लावतं.
उक्राव्स: दुसऱ्याचं.
ओठ ताणायचे की त्यांचा चंबू करायचा, फरक एवढाच.
(पियानो वाजवणाऱ्यालाही आम्ही उक्राव्सच म्हणतो,
पण त्याचा इथे संबंध नाही.)

टाइप करताना माझ्या हातून उ पडला.
उलट भाषांतराला कागद गेला त्सिसानाबाईंकडे.
बाईंनी मूळ यादी पाहिलेली नव्हती, तसा नियमच आहे.
त्यांनी इमानाने लिहिलं: मूल दुसऱ्याचं बटण लावतं.
आणि समासात, पेन्सिलीने: कुणाचं? का?

आम्ही हसलो. उ खोडला, इ केला.
तोवर वीस कागद त्स्काल्तुबोला पोचले होते.

लमझिराचा कागद परत आला.
मुलगा एरेक्ले, वय नऊ,
उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत.
खालपर्यंत जमत नाही, जमत नाही,
आणि बाराव्यापुढे: सहज.
आया वाढवून सांगतात,
आमच्या पुस्तिकेत त्यासाठी वेगळी टीप आहे.
मी फोन केला, म्हटलं, घेऊन या.

चार मिनिटं तो स्वतःच्या शर्टाशी झगडला,
हनुवटी छातीत रुतवून,
बटण त्याच्याच मानेखाली दडलेलं.
मी घड्याळ थांबवलं. मग त्याच्याकडे बघायचं टाळलं.

निघताना लमझिराने कोट चढवला
आणि त्याच्यापुढे वाकली,
ठेंगण्या दारातून जाताना सवयीने वाकावं तशी.
त्याने मिटल्या मुठीने कोटाची कड
तिच्या पोटाशी दाबून धरली
आणि डाव्या हाताने, खालून वर,
एक, दोन, तीन, चार.
गळ्याजवळच्या पाचव्याला तिने मान वर केली,
छताकडे बघत थांबली.
"हिवाळाभर हेच," ती छतालाच म्हणाली.
"मी लावलेलं त्याला चालत नाही."

माझ्या हातात सुधारलेला कागद होता, इ असलेला.
मी खूण केली: जमत नाही.
प्रश्नच तो होता, खोटं काय लिहिणार?

ते गेल्यावर कागद उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर उ काढला,
शाळेत काढायचे तसा, मोठा.
बेरजेत तो धरला जाणार नाही.
बाईंच्या पेन्सिलीला अर्धंच उत्तर दिलं:
आईचं.
का, ते अजून लिहिलेलं नाही.