डावीकडची दाढ

बिबडं नीट तळलंय की नाही
हे मी कानाने ठरवते, आणि दाढेने.
चोपड्यात आमच्या बिबड्यांना गिऱ्हाईक आहे
ते त्या एका आवाजापायी.
संक्रांतीपासून उजवीकडेच चावते.
डावीकडे कुणीतरी आत बसून
रात्री दोनला कडी वाजवतं.

तेजस आला, नणंदेचा धाकटा.
नवी नोकरी, नवे बूट,
दारात काढले तर मोज्यातून अंगठा बाहेर.
"मामी, दवाखान्याची पॉलिसी तर आहेच,
तिच्यावर ही जोड घ्या फक्त. दात, चष्मा, सगळं आलं.
वर्षाला दोन हजार नऊशे साठ.
दिवसाला आठ रुपये, चहापेक्षा स्वस्त."
मी त्याला चहा दिला.

हे झोपाळ्यावरून म्हणाले,
"दात पडना ते पडना,
आते काय लगीन करनं शे का?"
यांच्या दोन दाढा सुराणा डॉक्टरीणबाईंकडे राहिल्या,
पाचशे पाचशे रुपयांत.
तेव्हापासून हे भाकरी दुधात कुस्करतात
आणि म्हणतात, मला आवडतेच अशी.

ऑर्डरच्या वहीत मागून पहिलं पान उघडलं.
पुढून अडावदचे चार किलो, यावलचे सात,
मागून आमची तोंडं.
दहा वर्षांत दातांवर गेले, आठवेल तसे लिहिले:
यांचे हजार, माझं सिमेंट चौदाशे,
पोराच्या दाताला क्रिकेटचा चेंडू लागला ते बाराशे.
हप्ता धरला असता तर एकोणतीस हजार सहाशे.
इथेच वही मिटायला हवी होती.

पण आत्ताच्या दाढेचे बाई साडेसात हजार सांगतात,
नस काढून, वर टोपी घालून.
आणि तेजसच्या कागदात, अगदी मुंगीच्या अक्षरात:
मोठ्या कामाला दोन वर्षं थांबा,
बिलाच्या निम्मे,
वर्षाला फार तर पाच हजार.
तिसऱ्या हप्त्यापर्यंत मी आठ हजार आठशे ऐंशी भरलेले,
आणि दाढ? ती थोडीच थांबणार
कंपनीच्या तारखेसाठी.

कस्तुराबाई पीठ घाटता घाटता ऐकत होती.
तिला पुढचे चार नाहीत.
हसणाऱ्याचे दात दिसतात म्हणे,
ही हसताना आधी पदर घेते.
"ताई," ती म्हणाली, "मना टाइमले आठ रुपया
कोनी मांगता ते मी देती."
मग चाटू जोरात फिरवला
आणि हिशोब माझा पुन्हा कच्चा झाला.

मी ठरवलं, महिन्याला अडीचशे डब्यात.
ठरवताना माझं मलाच हसू आलं.
असा डबा आधीही होता.
त्यातून मिक्सरची मोटर गेली, भाचीचा आहेर गेला,
डब्यात उरली ती चिठ्ठी: दातांसाठी.
विम्याला निदान हात घालता येत नाही,
हे त्याच्या बाजूने लिहून ठेवलं.

रात्री फॉर्म घेऊन बसले.
नाव, वय, जन्मगाव, सगळं सरळ.
मग तो रकाना:
सध्या दातांची काही तक्रार? हो. नाही.
तेजस जाताना हळूच म्हणून गेला होता,
"मामी, नाही लिहा, कोण तोंड उघडून बघतंय."
पेन "नाही"वर नेलं.
जीभ तेवढ्यात गेली डावीकडे,
न सांगता, दिवसात शंभरदा जाते तशी,
आणि त्या खड्ड्याच्या काठाशी बसून राहिली.

फॉर्म वहीत ठेवलाय, यावलच्या सात किलोंपाशी.
पुढच्या वर्षी बघू, तोंड रिकामं असताना,
म्हणजे दुखणं नसताना.
आज यावलचे पैसे आले, तसेच मोजून पर्समध्ये टाकले,
डब्याला कळू दिलं नाही.
सुराणा बाईंचा नंबर अकरावा.
बाकावर माझ्या शेजारी एक पोरगा
गालाला रुमाल बांधून
फुटाण्यांची पुडी घट्ट धरून बसलाय.