सव्वा डॉलर पानाला

खिडकीपलीकडच्या टॉर्गरसनबाईंनी आडनाव दोनदा विचारलं.
विसोत्स्की. के-च्या आधी सी, मी सांगितलं.
जन्मतारीख? मार्च, म्हणाले, आणि पुढे अडले.
"वडील का?"
"हो."
"मग त्यांनाच विचारा की फोन करून."
त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

शनिवारी बाबा माझ्या ऑगीला तळ्यावर नेणार आहे,
बर्फाला भोक पाडून मासे धरायला.
पोराने सोमवारपासूनच बूट दाराशी मांडून ठेवलेत.
"आता मी थेंबाला शिवत नाही," बाबा म्हणतो,
आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवते
बर्फावर ठेवतात तसा:
आधी काठीने ठोकून.

बाईंनी कायदा सांगितला, भाव सांगावा तसा.
आमच्या विस्कॉन्सिनात पिऊन गाडी चालवण्याची पहिली खेप
गुन्ह्यात धरत नाहीत.
दंड भरा, लायसन्स काही महिने जमा करा, सुटलात.
दुसरी खेप दहा वर्षांच्या आत आली तरच ती दुसरी,
नाहीतर तीही पहिलीच.
"म्हणजे माणूस दोनदा पहिल्यांदा चुकू शकतो?"
"कागदावर," त्या म्हणाल्या.
"तिसरीपासून मात्र मागचं सगळं उकरतात."

एक फाइल निघाली. एकच.
मला हायसं वाटलं, हे कबूल करते.
मग त्यांनी चष्मा वर सरकवला.
"ही गुन्ह्यात धरलीये. पहिली असून."
आणि एका ओळीवर नख टेकवलं:
वाहनात सोळा वर्षांखालील प्रवासी, एक.

नोव्हेंबर, दोन हजार दहा. काउंटी रोड झेडझेड.
हरणांच्या शिकारीचा पहिला रविवार.
श्वासात शून्य पूर्णांक एक सात;
शून्य पूर्णांक शून्य आठला गुन्ह्याची रेषा.
खाली डेप्युटीच्या तिरक्या अक्षरात:
गाडी मधल्या पट्ट्यावरून जात होती.
स्टिअरिंगवर मुलीचे हात.

मुलीचे.
नाव नाही कुठेच. नावाची गरजच नव्हती,
वय पुरेसं होतं.

अकरा वर्षांची मी, बाजूच्या सीटवरून वाकलेली,
बाबा सिगारेट पेटवतोय, काडी विझतेय, पुन्हा पेटवतोय,
"धर गं जरा, कॅप्टन,"
आणि सगळा अंधार, सगळी पाइनची झाडं, सगळा रस्ता
माझ्या दोन तळव्यांत.
मग मागून निळे-तांबडे दिवे,
आणि पोलिसांच्या गाडीतून थेट घरापर्यंत वरात.
लग्नात हीच गोष्ट सांगितली होती मी,
ब्रँडीचा ग्लास उंचावून.
लहानपणीचा सगळ्यात सुंदर दिवस, म्हणाले होते.
लोक हसले होते. बाबा त्या वेळी
नॅपकिनची घडी घालत होता. आता आठवतंय.

आणि एप्रिलमधले ते पाच दिवस!
डुलुथला छपरं घालायला गेलाय, आई म्हणाली होती.
येताना त्याने माझ्यासाठी काहीच आणलं नाही
म्हणून मी आठवडाभर रुसले होते.
तुरुंगातून काय आणणार माणूस.

"प्रत हवी? चार पानं आहेत. सव्वा डॉलर पानाला."
"एकच द्या. हे."

पार्किंगमध्ये गाडी सुरू करून नुसती बसले.
काच धुरकटलेली, कागद मांडीवर, शिक्का अजून ओला.
त्या दिवसाला आता काय म्हणायचं, कळेना.
सुंदर तर तो होताच.
हे कुठल्या कलमात बसतं?

मीच फोन लावला.
"शनिवारी मीपण येते. गाडी मी चालवेन."
"तू? बर्फावर?" बाबा हसला. "तुला कधीपासून यायला लागलं?"
"तूच शिकवलंस ना," मी म्हणाले.
"झेडझेडवर."

मग बराच वेळ
फक्त हीटरचा आवाज, माझ्याकडचा,
आणि त्याच्याकडून
काडी ओढल्याचा. एकदा. दुसऱ्यांदा.
"ऑगीला," तो शेवटी म्हणाला,
"मागच्या सीटवर बसव."