दोन थेंब जास्त

मे महिन्यात आमच्याकडे ऑलिव्हला मोहर येतो,
आणि ग्रीसच्या या दगडी टोकावर
कुणी मेलं नसलं तरी सगळे रडत असतात.
पाद्री रडतो. पोस्टमन रडतो.
पोरं मनगटानं डोळे चोळत शाळेत जातात
आणि सशाचे डोळे घेऊन परत येतात.

मी औषधवाला. काउंटरमागून तेच ते सांगतो:
चोळू नका, चोळलं की आणखी खाजतं.
थंड पाण्याची घडी ठेवा.
बाहेरून आलात की तोंड धुवा, केस धुवा.
उशीचे अभ्रे अंगणात वाळत घालू नका,
पिवळी पूड बसते त्यांवर
आणि रात्रभर तुम्ही झाडाच्या कुशीत झोपता.
लोक माना डोलावतात,
दाराबाहेर पडतात, आणि चोळतात.

या रडक्या महिन्यात कोरडी एकटी गारुफालिया.
वय अठ्ठ्याहत्तर. काम, मयतावर गाणं.
चाळीसेक वर्षं या डोंगरातल्या प्रत्येकाला
तिनं ओवीला ओवी जोडून पोचवलं.
कुणाच्या शेळ्या किती, कुणाचा अबोला कुणाशी,
सगळं तिला पाठ.
हल्ली म्हणते, पापणी उघडताना आवाज होतो,
सुक्या शेंगेसारखा.

कालामाताच्या डॉक्टरनं
तिच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली.
पाच मिनिटांनी काढून मोजली.
"मिलिमीटरमध्ये मोजतात की रे," ती मला म्हणाली,
"माझं तीन भरलं."

मी तिला बारक्या कुप्या देतो, एका वेळेच्या.
टोक मोडायचं, थेंब टाकायचा, उरेल ते फेकायचं.
फेकणं तिच्या जिवावर येतं.
ऊन फडकं पापण्यांवर दहा मिनिटं,
हे मात्र नेमानं करते,
कारण तेवढा वेळ कुणी बोलायला येत नाही.

एकदा दुकान रिकामं बघून
हळूच विचारलं तिनं,
"दोन थेंब जास्त टाकले
तर गालावर उतरतील का?"
उतरतील, म्हटलं, पण वाया जातील.
"वाया कसे? लोक गालाकडेच बघतात."

गेल्या वर्षी, मोहर ऐन भरात असताना, बाबा गेले.
दुकान त्यांचंच, कोटसुद्धा त्यांचाच, बाह्या मला आखूड.
त्या सकाळी मी सवयीनं ॲलर्जीची गोळी घेतली होती.
ती शिंका थांबवते, खाज थांबवते,
आणि जाता जाता डोळ्यांतलं पाणीही आटवते.
हे मी रोज दहा जणांना सांगतो.

खोलीभर लोक रडत होते.
काही बाबांसाठी, बरेचसे ऑलिव्हसाठी,
निवडून काढणं अवघड.
आणि मुलगा मी, माझ्या डोळ्यांत नुसती वाळू.
थिओनी आत्या कुणाच्या तरी कानाला लागली.
मला ऐकू आलं.

गारुफालिया उशाशी बसून गात होती:
थ्रासिवुलोस, बर्फ पडला त्या साली
तू उधारीची वही चुलीत घातलीस,
माझ्या नवऱ्याच्या खोकल्याला नाव दिलंस
आणि नावाचे पैसे घेतले नाहीस...
तिचे गाल कोरडे.
त्या दिवशी तिनं थेंब टाकलेच नव्हते.

मग पाणी प्यायला म्हणून उठली,
जाता जाता माझ्या मुठीत काहीतरी सरकवलं.
"तुमच्याच फ्रिजमधली. गार असली की
चुरचुरत नाही, तूच सांगतोस."
आणि मग, माझ्याकडे न बघता,
"एकच टाक. दाखवायला नको. दिसायला टाक."

भिंतीकडे तोंड करून मी टोक मोडलं.
दोनदा पापणी मिटली, उघडली.
सकाळपासून धुरकट असलेला चेहरा
जागच्या जागी आला.
नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे वळ,
अजून लालसर.

कुपीत थोडं उरलं होतं.
मी फेकलं नाही.