निळं फुटतं

खाणीच्या दिवेघरात मी बावीस वर्षं काढली.
खिडकीतून पितळी बिल्ला आत यायचा,
दिवा बाहेर जायचा.
अकराशे सत्तेचाळीस, हा एवाल्डचा.
आधी मला त्याचा नंबर पाठ झाला,
मग काळी नखं,
चेहरा पार शेवटी.

आता झाब्झेत, तिसऱ्या मजल्यावर,
त्याने बैठकीच्या खोलीत समुद्र आणून ठेवलाय.
तीनशे लिटर.
खालचा ब्रुनो छताकडे बघत जेवतो म्हणे.
माझं शिवणयंत्र बाल्कनीत गेलं,
आणि मासे मोजून तीन.
बाकी दगड, दगडांवर बोटभर प्रवाळाच्या फांद्या.
त्यांना तो लेकरं म्हणत नाही, एवढं नशीब.

एलईडी आला त्या दिवशी
त्याने छताला हुक ठोकले, तारा ओवल्या,
पाण्यावर वीतभर अंतराने पट्टी टांगली
आणि सगळे रंग शंभरावर नेले.
खोली अशी पेटली
की समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदा ओढला.
"सूर्य," तो म्हणाला.
मी म्हटलं, झालं.

चार दिवसांत हिरवी फांदी टोकाकडून पांढरी पडली.
एवाल्ड स्टुलावर बसून राहिला,
सूप निवलं, त्यावर साय धरली.
तेव्हा मी बोलले.
अरे, रात्रपाळीची माणसं जूनच्या सकाळी वर यायची,
ती पिंजऱ्याच्या दारात कशी थबकायची?
टोपी भुवयांवर, मान खाली,
सिगरेट पेटेपर्यंत कुणी आभाळाकडे बघायचं नाही.
विसरलास?
ही तर दुकानातल्या मंद उजेडातून आलेली लेकरं.
(लेकरं माझ्याच तोंडून निघालं.)

दुसऱ्या दिवशी पट्टी आणखी वीतभर वर चढली.
पांढरा पंधरावर, निळा तीसवर.
दर रविवारी पाच टक्के, जास्त नाही.
क्लबातून उजेड मोजायचं यंत्र भाड्याने आलं,
काठीच्या टोकाला एक बटण.
तो ते बुडवून आकडे ओरडायचा,
मी किराण्याच्या पावतीमागे लिहायचे.
वरच्या दगडावर दोनशे तीस.
मधल्या कपारीत एकशे दहा.
तळाशी वाळूत साठ.
साठात कोण राहणार?
"राहतात. मशरूम. त्यांना पुरतं."
मग नळी पुसता पुसता,
"आम्हालाही पुरायचं."

वीज येते ती कोळशाचीच.
त्याची खाण बंद पडली, आता दुसऱ्या कुणाच्या.
एकदा पेपरात फोटो होता,
कुठल्याशा तापलेल्या समुद्रात मैलभर पांढरं.
त्याने पान घडी करून माझ्यापुढे सरकवलं.
मी बटाटे सोलत होते,
सालं त्यावर पडत राहिली.
दोघांपैकी कुणी काही म्हटलं नाही.

फेब्रुवारीत त्याच्या छातीने पुन्हा दगा दिला.
अकरा दिवस दवाखाना.
टायमरवर त्याची पेन्सिलीतली चिठ्ठी:
रविवारी निळा पस्तीस. घाई नको. काच पूस, मीठ साचतं.
मी काच पुसली.
पस्तीस केलं, परत तीस केलं, परत पस्तीस.
बोट कापत होतं, दिवा नव्हे.

सकाळी बाहेर नुसता धुरकट करडेपणा,
आणि आत, कुणी हात न लावता,
उजाडायला लागतं.
इथे तांबडं फुटत नाही,
निळं फुटतं.
आधी वाळूचा एक कण, मग झोपेतल्या माशाचा कल्ला,
मग फांद्यांवरची केसाएवढी तोंडं
एकेक करून उघडतात.
पांढरं टोक मेलं ते मेलंच,
त्यावर शेवाळ बसलंय.
पण त्याच्या खाली, कडेला,
नखाच्या चंद्रकोरीएवढा नवा हिरवा.
तो मी मोजला. शिलाईच्या टेपने.

दिवेघराचा एक नियम होता.
पाळी सुटली तरी
भिंतीवरचा एकही हुक दिव्यावाचून असेल
तर कुलूप लावायचं नाही.

रात्री नऊला पट्टी आपोआप मंदावते.
ब्रुनोने जिन्यात विचारलं, गळतंय का?
नाही म्हटलं.
आणि वर येऊन परत स्टुलावर बसले,
दाराची कडी न लावता.