पोत्यात पोतं

साठ वर्षं झाली म्हणून डाकोटा पुन्हा उडणार होतं
ओझरच्या धावपट्टीवरून, सकाळी साडेदहाला.
निमंत्रणपत्रिकेवर अण्णांचं नाव चुकलेलं,
निरगुडेचं निगुडे. म्हणाले, राहू दे,
तेव्हाच्या यादीतही असंच होतं.

मांडवात बसायला नको म्हणाले.
मग जानोरीच्या शिवारात, बेडसे मामांच्या पॅकहाऊसच्या स्लॅबवर
चौघांनी त्यांना खुर्चीसकट चढवलं,
गुडघ्याखाली उशी.
खाली द्राक्षांचे घड कागदात गुंडाळलेले,
गच्च्यागच्च्यांवर पोरं, मोबाइल आभाळाकडे.

ते विमान अण्णांनी बाहेरून उडताना
कधी पाहिलंच नव्हतं.
त्यांना ठाऊक फक्त आतलं:
दार काढून टाकलेली चौकट, कमरेला दोर,
गारठ्यानं बधिर ओठ
आणि तांदळाची पोती.
पोत्यात पोतं घालायचं, वरचं जरा ढिलं,
म्हणजे आतलं आपटून फाटलं तरी
दाणा सांडत नाही.
घंटा वाजली की पाठ टेकून
दोन्ही पायांनी लोटायचं.
लग्नकार्यात कुणी विचारलं तर एवढंच सांगत,
दर वेळी त्याच क्रमानं.

आधी आवाज आला, रामशेजच्या अंगानं,
पिठाच्या गिरणीसारखा.
मग ते: ठेंगणं, पोटाळ, नवा रंग दिलेलं,
मिरवणुकीत फेटा बांधून बसवलेल्या
म्हाताऱ्यासारखं अवघडलेलं.
पोरं ओरडली. मामांनी टोपी काढली.
मी अण्णांकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी असेल म्हणून
(खरं सांगते, फोटोसाठी).

ते वर पाहतच नव्हते.
खाली बांधाजवळ एक बाई पाला गोळा करता करता
उभी राहिली होती,
एक हात कपाळावर, दुसऱ्या हातानं
विमानाला हात करत.
"तिला सरकायला सांग," अण्णा म्हणाले.
मग उठू पाहत, घसा फाडून,
"ए बाई! बाजूला हो!"
त्या घरघरीत मलाच जेमतेम ऐकू आलं.

विमान दिंडोरीकडे वळलं, माशीएवढं झालं.
बाई पुन्हा वाकली.
उशी कधीच खाली पडली होती,
अण्णांचे दोन्ही पाय समोर ताठ,
टाचा स्लॅबच्या कठड्याला रोवलेल्या.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"तोही असाच हात हलवत होता."
कोण, ते मी विचारलं नाही.
मामांनी आणलेल्या चहावर साय धरली.

आमच्या घराला बेल नाही.
गल्लीत सगळ्यांकडे आली, चिमणीच्या आवाजाची, आरतीची,
आमच्याकडे इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन
परत गेला.
आई म्हणायची, चिकटपणा, दुसरं काय.
त्या दुपारी अण्णांना धरून पायरीवर उभी राहिले
आणि कडी वाजवली,
एरवीपेक्षा हळू.